चौथा चिंचोका

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढत होतो. यंत्र थांबवायचं सुचलंच नाही. चाळीस हव्या होत्या, शंभरावर निघाल्या... ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "कागद वाया घालवाले तुले निमित्तच पायजे बे!"

बुलढाण्याच्या आमच्या समुपदेशन केंद्रात वत्सलाताई मला पुष्कळ सीनियर. प्रश्नावली चार ओळींची: झोप कशी, घरात कसं, माणसांत कसं, एकूण कसं. दर भेटीत बाईनं स्वतःच शून्य ते दहा आकडा द्यायचा, म्हणजे तिला बरं वाटतंय का ते कळतं. देऊळघाटची मंदा (नाव बदललंय) नवऱ्याच्या मारहाणीमुळे आलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाचायचो, ती आकडा सांगायची, मी खूण करायचो. 'घरात कसं'ला तीन भेटींत तीन, सहा, नऊ! मी रंगीत आलेख काढला, बैठकीत मिरवला आणि केस बंद करायची शिफारसही ठोकून दिली.

ताईंनी चष्मा वर सरकवला. "आकडा सांगताना ती कोणाच्या तोंडाकडे पाहे?"

"माझ्या."

"मंग हे तुह्ये मार्क हायेत बे, तिचे नाही."

पुढच्या भेटीत ताईंनी मंदापुढे दहा चिंचोके आणि एक वाटी ठेवली. "घरात जेवढं बरं वाटते तेवढे टाक बाई. झालं की सांग." आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसल्या. मलाही फिरवलं. बराच वेळ काहीच नाही... मग एकच टक्.

"झालं," मंदा म्हणाली. "सर लय खुश होत होते, म्हून मी वाढवत गेली."

त्या दिवशी ताई तिला घरी नाही, मेहकरच्या बसनं तिच्या बहिणीकडे पोचवून आल्या. शिफारस मी फाडली. ती मंजूर झाली असती तर... जाऊ द्या.

ताईंच्या आजारपणात भेटायला गेलो. "कसं वाटते ताई?" "झकास!" मी शहाणा! खिशातून चिंचोके काढले, वाटी ठेवली, भिंतीकडे तोंड केलं. टक्. टक्. टक्... मला राहवेना, वळलो. चौथा त्यांच्या बोटांत होता.

"काऊन वळला बे? झालं म्हनलं का मी?" हसल्या, आणि तो माझ्या मुठीत दिला. वाटीत पडणार होता की नाही, ते राहूनच गेलं.

केंद्रातली ताईंची खुर्ची अजून खिडकीकडेच तोंड करून आहे. आता तिच्यात मी बसतो. मागे कुणी बाई विचार करत असते, बाहेर एसटी जाते, मान वळायला शिवशिवते... मी खिशातला तो चिंचोका दाबून धरतो आणि "झालं" ऐकू येईपर्यंत वळत नाही.