चोची शाबूत

काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि काकांना त्याचा कोण अभिमान! लोक चिडवत, जन्मभर बस चालवली, पण घरात मात्र तुम्ही मागच्या सीटवर. "गाडी नीट चाललीय ना? मग झालं," काका म्हणायचे.

मुलगी सासरी गेल्यावर तिच्या खोलीत काकूंनी कोंबडीची पिल्लं पाळायला घेतली. खाली लाकडाचा भुसा, मधोमध उबेचा दिवा, आणि पिल्लांनी कोपऱ्यात एकमेकांवर चढू नये म्हणून तिथे वाकवून बसवलेला पुठ्ठा. वाढवलेल्या कोंबड्यांना गिऱ्हाईक घर शोधत यायचं, कारण त्यांच्या चोची शाबूत असायच्या. बाकीचे लोक तापल्या पात्यानं चोचींची टोकं छाटून घेत, म्हणजे पिल्लं एकमेकांना टोचत नाहीत. "मग गवतातला किडा टिपायचा कशानं? चमच्यानं?" काकू विचारायच्या.

या खेपेला मात्र खोलीत गुंडगिरी माजली. एक दांडगा कोंबडा, काका त्याला पैलवान म्हणत, दिसेल त्याला टोचा मारायचा. त्याचं बघून बाकीचीही शिकली. सगळ्यात किडकिडीत पिल्लाचं नाव काडी; तिच्या शेपटीपाशी रक्त आलं, तेव्हा काकूंनी लगेच लाल औषध लावलं. लाल दिसलं मात्र, अख्खी खोली काडीवर तुटून पडली. तिला ओंजळीत उचलताना काकूंचा चेहरा एवढासा झाला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे शब्द काकांनी ऐकले नव्हते. घाबरून त्यांनी कुणालाही न विचारता चोची छाटणाऱ्याला फोन केला.

काकू भडकल्या. "पिल्लं माझी आणि तुम्ही परस्पर बोलावता?"

"अगं, मरेल ती काडी!"

"कशी मरते बघते. तो माणूस येऊ दे. एकाच्या जरी अंगावर त्याला ताजी जखम दिसली, तरी सगळ्यांच्या चोची मी स्वतः छाटून घेईन."

एकदा छाटल्या की इतक्या वर्षांचं नाव गेलं, हे दोघांनाही कळत होतं.

काकूंनी कंबर कसली. काडीला स्वयंपाकघरात ठेवून, लाल औषध पुसून जांभळं लावलं आणि जखम भरताच तिला परत आत सोडलं. दिवा फार तापत होता, तो वर टांगला. दाटी होत होती, म्हणून मधलं दार उघडून काकांची झोपायची खोलीही पिल्लांना दिली. काका स्वयंपाकघरात झोपू लागले आणि वर म्हणाले, इथे उकडत नाही. दाण्यापाण्याची भांडी वाढवली. दोरीला पालेभाजीची जुडी लटकवली, टोचायची हौस तिच्यावर फिटावी म्हणून. आणि पैलवानाला एकट्यालाच बांबूच्या डालग्याखाली झाकलं.

"काडीलाच ठेवायचं ना वेगळं," काका म्हणाले.

"तिनं काय केलंय? ज्यानं मारलं त्यानं बाहेर बसावं. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे कळू दे त्याला."

पंधरा दिवसांनी, ठरल्या दिवशी छाटणारा आला. यंत्राची वायर लावून पातं तापायला ठेवलं आणि काकूंची अट ऐकून एकेक पिल्लू उलटंपालटं करून बघितलं. काडीच्या शेपटीपाशी तर नवी पिसं फुटली होती.

"आज जखम नाही, मान्य. पण त्या दांडग्याला आत सोडा, मग बोलू," तो म्हणाला.

काकांना वाटलं, आता ही नाही म्हणेल. काकूंनी डालगं स्वतः उचललं.

पैलवान ताठ मानेनं थेट भांड्याशी गेला. तिथे काडी खात होती. त्यानं तिच्या डोक्यात एक टोचा हाणला. काडी मागे सरली. छाटणारा पुढे झाला, तसा काकूंनी त्याचा हात धरला. "थांबा जरा."

काडीनं मान वर केली, अंग फुलवलं आणि पैलवानाच्या कोवळ्या तुऱ्यावर असा एकच सणसणीत टोचा दिला की गडी चार पावलं मागे गेला. शेजारची दोन पिल्लंही त्याच्याकडे वळली. पैलवानानं इकडेतिकडे बघितलं आणि मुकाट्यानं दुसऱ्या, रिकाम्या भांड्याशी जाऊन खायला लागला. काडीही खायला लागली. रक्ताचा थेंब नाही की आरडाओरडा नाही.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "हीच चोच छाटायला आला होतात."

काकांनी पुढे होऊन यंत्राचं बटण बंद केलं. त्यांची छाती नुसती फुलून आली होती. "ही माझी बायको," त्यांनी त्या माणसाला सांगितलं.

"ते दिसतंय हो," तो हसला आणि वायर गुंडाळू लागला. "पण काकू, एवढं सगळं शिकलात कुठं?"

"शिकायचंय काय त्यात?" काकू म्हणाल्या. "चार जावांत सगळ्यात धाकटी होते मी."