दाबून धरलेलं बटण

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं आणि मी ते सोडत नव्हते. "अहो, बाहेर या! ऐकताय का? बाहेर या!" एवढंच ओरडत होते. समोर गोदामातून काळा धूर येत होता आणि माझा नवरा आत होता.

वॉकीटॉकीचा नियम सोपा आहे. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं. सोडलं नाही तर त्या चॅनेलवर दुसऱ्याचं बोलणं पोचत नाही. मंडीदीपच्या त्या कारखान्यात सगळे एकाच चॅनेलवर. मी कँटीन चालवायची. कुठे किती चहा पाठवायचा ते कळावं म्हणून मलाही सेट दिला होता. नियम भिंतीवर लावलेले होते. मी चौथी शिकले, तेवढं वाचता येतं. शिवाय हे आग विझवण्याच्या पथकात होते, सेट कसा वापरायचा ते सगळ्यांना हेच शिकवायचे.

घरीही तेच. मी बोलत सुटले की म्हणायचे, "अगं, ओव्हर म्हण की! माझा नंबर कधी?"

"जेवण झाल्यावर."

"तोवर विसरतो ना मी."

"विसरलात तर कामाचं नव्हतंच."

त्या दिवशी गेटवरचा जमादार धावत आला. "भाभी, बटन छोड़िए! वो बोल नहीं पा रहे!" त्याने माझा अंगठा ओढून काढला. सेट खरखरला आणि यांचा आवाज आला. "मागचं दार उघडा. दोघांना तिकडे पाठवतोय. ओव्हर." खोकत होते, तरी ओव्हर म्हणाले.

लोकांनी मागचं कुलूप फोडलं. हे दारापासून चार पावलांवर पडलेले सापडले. श्वास नव्हता.

आता तिथे नवे सेट आलेत. मिनिटभर झालं की बोलणं आपोआप तुटतं. तपासाला आलेले साहेब म्हणाले, ही सोय जुन्या सेटातही होती, कुणी चालू केली नव्हती. मी त्यांना सरळ विचारलं, माझ्यामुळे उशीर झाला का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी रडले नाही. कँटीन मात्र सोडलं.

मी बटण दाबून होते तेवढ्या वेळात हे जे बोलले असतील ते कुणाच्याच कानावर पडलं नाही. कामाचंच असणार, गोड बोलणारा माणूस नव्हता. पण मला ते हवं आहे. माझ्याबद्दल नसलं तरी चालेल. कुलपाचं असेल, दाराचं असेल, मला ओरडले असतील. मला ते ऐकायचं आहे. अजून भाजी चिरताना मध्येच थांबते आणि ऐकत बसते.

गोदामात तिघे होते. दोन हमाल वाचले. दोघेही आता करोंदच्या मंडीत पोती उचलतात.