अकरा मिनिटं बंद ठेवलेली टेस्ट

ज्यांनी मला काम शिकवलं, त्यांच्याच हातातलं काम काढून मशीनकडे द्यायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मला कंपनीत तीन वर्षं झाली होती. कॉलेज रोडच्या एका गल्लीत, मेडिकल स्टोअरच्या वर आमचं ऑफिस होतं. आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. नवजात बाळाला पंपातून कुठलं औषध तासाला किती सोडायचं, याचं गणित ते करून द्यायचं.

हे सॉफ्टवेअर क्लाउडवर चालायचं. प्रत्येक नवी आवृत्ती पाठवताना आमचा कोड आणि त्याला लागणाऱ्या बाहेरच्या सगळ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, एकत्र बांधून एक पॅकेज करावं लागे. ते पॅकेज फक्त सर करायचे, स्वतःच्या लॅपटॉपवर. सर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने. मला पहिल्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसवून घेतलं होतं ते त्यांनीच.

कंपनीच्या मालक मॅडमना ही एका लॅपटॉपवरची भिस्त खुपायची. त्यांनी मला पाइपलाइन उभी करायला सांगितली. कुणीही कोडमध्ये बदल केला की क्लाउडवरचं एक कोरं मशीन आपोआप जागं होणार, सगळं नव्याने आणून बांधणार, टेस्ट चालवणार, म्हणजे आलेली उत्तरं आधीच ठरवलेल्या बरोबर उत्तरांशी ताडून पाहणार, आणि सगळ्या पास झाल्या तरच पॅकेज तयार करणार.

सर त्या दिवशी एवढंच म्हणाले, "माझ्या पॅकेजमध्ये आजवर काय चुकलंय, ते मला दाखव."

"चुकलं काहीच नाही सर. पण तुम्ही रजेवर गेलात तर?"

"मी रजेवर जात नाही."

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या दोघांच्या टेबलांमधली चार फूट जागा मला लांबच लांब वाटायची. मी विचारलेल्याचं उत्तर ते द्यायचे, पण विचारलं तेवढंच. डबा खायला ते गॅलरीत जाऊ लागले. मीही मग टेबलावरच खायची.

हळूहळू एकेक अडचण सुटत गेली. शेवटी एकच टेस्ट अडून राहिली. दोन किलोच्या आतल्या बाळासाठी तासाला ०.३४ मिली उत्तर यायला हवं होतं, पाइपलाइनवर ०.३ यायचं. सरांच्या लॅपटॉपवर मात्र बरोब्बर ०.३४. कोड तोच. लायब्ररीही त्याच, त्यांचे आवृत्ती क्रमांकसुद्धा मी एकेक ताडून पाहिले होते.

"माझ्याकडे चालतंय," सर म्हणाले. "तुझ्या मशीनमध्येच गडबड आहे."

मलाही तेच वाटायला लागलं होतं. आणि मग रजेवर न जाणारे सर खरंच रजेवर गेले. त्यांच्या आईला वणीच्या गडावर देवीच्या दर्शनाला जायचं होतं. गुडघे दुखत असल्यामुळे सोबत कुणीतरी हवंच होतं.

नेमका त्याच सोमवारी दुपारी बाराला एका हॉस्पिटलला नवी आवृत्ती द्यायची होती. त्यांनी मागितलेली नोंदींची नवी स्क्रीन त्यात होती. सरांचा लॅपटॉप त्यांच्या घरी, कुलपात. सकाळी अकराला मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"किती टेस्ट पास आहेत?"

"एक सोडून सगळ्या."

"ती एक तात्पुरती बंद कर. सर आले की बघू. ते म्हणालेत ना, मशीनची गडबड आहे म्हणून?"

मी बंद केली. हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मॅडमनी जबरदस्ती केली नव्हती. त्या सांगून केबिनमध्ये गेल्या आणि मी एका ओळीपुढे खूण टाकून ती टेस्ट बाजूला ठेवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच पाइपलाइन वरपासून खालपर्यंत हिरवी झाली. पॅकेज तयार झालं. मला आनंद झाला, हेही खरं आहे. आता फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

तेवढ्यात हॉस्पिटलमधल्या सिस्टरचा फोन आला.

"ताई, ते नवीन कधी चालू होतंय? आत एक बाळ आलंय, पावणेदोन किलोचं. डॉक्टर म्हणतात नोंद नव्या स्क्रीनवरच करू. थांबू का जुन्यावरच चालू करू?"

पावणेदोन किलो. तोवर ती टेस्ट माझ्यासाठी स्क्रीनवरची एक लाल ओळ होती.

"जुन्यावरच करा सिस्टर," मी म्हणाले. "आमचं झालं की मी स्वतः फोन करते."

टेस्ट मी पुन्हा चालू केली. पाइपलाइन लाल झाली. मग सरांना फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा मागे गर्दीचा गलका होता. ते आईला घेऊन गडावर नेणाऱ्या ट्रॉलीच्या रांगेत उभे होते.

"आज तरी सोड मला," ते वैतागून म्हणाले.

"सर, दोन किलोच्या आतलं गणित चुकतंय. मशीन दाखवतंय ती चूक खरी आहे असं मला वाटतं. तुमच्या लॅपटॉपवर वेगळं काय आहे, एवढंच आठवून सांगा."

"काही नाहीये वेगळं."

"ही टेस्ट तुम्हीच लिहिली होती सर. का लिहिली होती?"

त्यांचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला.

"थांब. ती बाहेरची लायब्ररी एकाच दशांश स्थळापर्यंत उत्तर देते. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलमधून तक्रार आली होती. घाई होती. मी लायब्ररीच्या आत जाऊन दुरुस्ती केली. माझ्या लॅपटॉपवर. नंतर आपल्या कोडमध्ये आणायची होती... राहूनच गेलं."

दोन वर्षं त्यांचं प्रत्येक पॅकेज ती दुरुस्ती पोटात घेऊन जात होतं. माझं कोरं मशीन लायब्ररी मूळ ठिकाणाहून ताजी आणायचं, म्हणून त्यात ती नव्हती. मी बांधलेलं ते हिरवं पॅकेज गेलं असतं तर दुरुस्तीशिवाय गेलं असतं.

"सर, लायब्ररीचं ते गणित वापरायचंच नाही. आपल्या कोडमध्ये मी नव्याने लिहिते. दहा मिनिटांत लिहून तुम्हाला बघायला पाठवू?"

"इथे नेट कुठलं चालतंय. वाचून दाखव."

मी लिहिलं आणि फोनवर एकेक ओळ वाचू लागले. मागून त्यांच्या आई विचारत होत्या, "रांग सरकली रे, येतोस ना?" ते त्यांना म्हणाले, "तू हो पुढे त्या शेजारच्या ताईंबरोबर, मी येतो." म्हणजे त्यांनी रांग सोडली.

सहाव्या ओळीवर त्यांनी मला अडवलं. "आधी दशांश कापतेस आणि मग भागतेस? उलटं कर. आधी भागाकार."

मी उलटं केलं. लहान वजनांसाठी आणखी चार टेस्ट त्यांनी तिथल्या तिथे तोंडी सांगितल्या. मध्ये मॅडम दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेल्या. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "हॉस्पिटलला मी काय सांगू?" मी म्हणाले, "उशीर होईल, असं सांगा."

पॅकेज गेलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. सिस्टरला फोन केला तर ती म्हणाली, "हो का, बरं," आणि ठेवला. मॅडम दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

बुधवारी सर आले. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी काय झालं ते सांगितलं. "दुरुस्ती मी केली आणि कुणाला सांगितली नाही," एवढंच. आवाज चढवला नाही की कारण दिलं नाही. मॅडम वहीकडे बघत राहिल्या.

नंतर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पाइपलाइनच्या नोंदी वर सरकवत सोमवारपाशी थांबले. कुठला बदल कधी झाला, सगळं तिथे दिसतं.

"बंद केली होतीस."

"हो. अकरा मिनिटं."

त्यांनी त्या नोंदीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "असं बंद करता येणारच नाही, असं करता येईल का?"

"दुसऱ्या कुणाच्या मंजुरीशिवाय नाही, असं करता येईल."

"मग तसं कर. आणि लॅपटॉपवरून थेट पॅकेज पाठवायची माझी परवानगी काढून टाक."

"तुम्ही स्वतः काढा ना सर."

"नको. तू काढ."

मी काढली. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी हो म्हटलं. मग त्यांनी डब्याची पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल, इथेच जेवून घेऊ. गॅलरीत आता ऊन येतं."