डाव्या डोळ्याचं माप

मोतीबिंदू काढायच्या आधी डोळा मोजतात. आत कितीची लेन्स बसवायची ते त्या मापावरून ठरतं. कोलशेतच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट-बोल्टपासून पत्र्यापर्यंत सगळं मोजून घेतलं आणि मोजून दिलं. पण कधीतरी आपलाच डोळा कुणी मोजेल, असं काही वाटलं नव्हतं.

दवाखाना डोंबिवलीतच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काका, सोबत कोण आहे?"

"सोबत कशाला? डोळा माझा, मी आलोय ना!"

"माप झालं की डोळ्यात थेंब घालतात. मग तीन-चार तास धड दिसत नाही. सोबत कोणी नसेल तर आज नाही होणार. कोणाला तरी घेऊन या."

कोणाला तरी! जशी काही माझ्या घरात माणसांची रांगच लागलीय. मुलगी बंगळुरूला. तिला कळवलं असतं तर रजा टाकून आली असती, आणि आल्या आल्या आईचं कपाट आवरायला काढलं असतं. ते मला नको होतं. शेजारी चांगले आहेत, पण हल्ली माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. ते तर मला अजिबात सहन होत नाही. मी सरळ सांगून टाकलं, "बायको आलीय. खाली भाजी घेतेय, येईलच."

हिला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

थाप इतकी सहज निघाली की माझा मीच चपापलो. पण खरं सांगतो, बाकावर टेकल्यावर मला बरं वाटायला लागलं. दवाखान्याच्या खाली खरंच भाजीवाले बसतात. ही तिथे असती तर अर्धा तास तरी हलली नसती. मेथीची प्रत्येक जुडी उलटीसुलटी करून बघितली असती. दार वाजलं की माझी मान वर व्हायची. अहो, मी चक्क वाट बघत होतो! वेडेपणा म्हणा हवं तर. अकरा महिन्यांत तेवढी वीस मिनिटं मी एकटा नव्हतो.

मग आत बोलावलं. मशीनवरच्या बाई पन्नाशीच्या, शांत. "हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा. लाल दिव्याकडे बघा, पापणी मिटू नका." उजवा डोळा एका फटक्यात झाला. लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. मी म्हटलं, एवढीच? बाई हसल्या.

"आता सांगा, लेन्स लांबचं दिसायला हवी की जवळचं? एकाच अंतराची बसते, दुसऱ्याला चष्मा लागतो. दिवसभर जास्त काय बघता तुम्ही?"

काय बघतो मी? टीव्ही चालू असतो, पण बघत नाही. पेपर उघडतो आणि तसाच घडी घालून ठेवतो. इतकी वर्षं माझ्या चष्म्याची फ्रेमसुद्धा हीच निवडायची. "तुम्हाला काही कळत नाही, गप्प बसा," म्हणायची, आणि मी बसायचो. मी हातातला चष्मा पुसत राहिलो.

"असू दे," बाई म्हणाल्या. "काकू खाली आहेत ना? त्या आल्या की त्यांनाच विचारते. तोवर डावा डोळा घेऊन टाकू."

मी पुन्हा हनुवटी टेकवली. लाल दिवा दिसला. पट्टीला कपाळ लावलेलं असतानाच मी म्हणालो, "काकू नाहीत. खाली कोणी नाही. गेली ती."

हे तोवर मी कुणालाही तोंडाने सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. ज्याला त्याला ते आधीच माहीत असायचं.

बाईंनी दोनदा, तीनदा माप घेतलं. दर वेळी आकडा वेगळा.

"डोळ्यात पाणी असलं की माप चुकतं, काका," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्या हातात कापूस दिला. "थांबू दे ते. घाई नाही."

मी कापूस डोळ्याला लावला. "बाई, तुम्ही पुढचा पेशंट घ्या," मी म्हटलं. "माझं आज थांबायचं नाही."