संकष्टीला पश्चिमेकडे उडू नये

बार्बाडोसला जाऊन आल्यापासून यवतमाळात मी उगाचच जाणकार ठरले आहे. कोणाची मुलगी तिकडच्या बेटावर नोकरीला लागली, कोणाला लग्नाचा वाढदिवस समुद्रावर करायचा असला, की फोन मला. मीही सांगते. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे दिवस, म्हणजे आपली उन्हाळ्याची अर्धी सुट्टी बाद आणि दिवाळीची अख्खी. जानेवारी-फेब्रुवारीत जा. बेटावर उतरायला आपल्याला व्हिसा लागला नाही, पण वाटेत लंडनच्या विमानतळावर नुसतं बसायचं तरी ट्रान्झिट व्हिसा लागला, तो आधी पाहा. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. लेकीसाठी मिक्सर नेऊ नका, तिकडच्या विजेवर तो चालत नाही. एवढं ऐकून लोक फोन ठेवायला लागतात, तेव्हा मी म्हणते, थांबा, तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. मी नेमकं तेच पाहिलं नव्हतं.

माझी नणंद तिकडे नर्स आहे. लेकीला पाहायचं म्हणून सासूबाईंनी, आम्ही त्यांना आई म्हणतो, वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, म्हणाले, "माये गुडघे त्या सीटमंदी मावत नाहीत, तुम्ही जा." उरलो आई आणि मी.

आईंना साखर आहे. डॉक्टरांनी त्यांचे सगळे उपास बंद केले, फक्त कळंबच्या चिंतामणीची संकष्टी सोडायला त्या तयार होईनात. शेवटी तडजोड झाली: चंद्र निघाला की लगेच जेवायचं, त्यात उशीर नको. मामाजी दर चतुर्थीला चिडवायचे, "देवाले तुमच्या पोटाशी काय करायचं हाये?" आणि आईंच्यासमोर बसून पोटभर जेवायचे. जन्मात त्यांनी एक उपास केला असेल तर शपथ.

मुंबईहून निघालेल्या विमानात सकाळचा नाश्ता आला आणि आईंनी ताट परत केलं. "आज चतुर्थी हाये." मी म्हटलं ठीक आहे, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न. लंडनला उतरून नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे चंद्र रात्री नऊनंतर." मी बोटांवर हिशेब केला. बेटावर चंद्र निघेपर्यंत यवतमाळात दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडणार होती. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो, हे मी शाळेत सातवीला शिकवते. भूगोलाची मास्तरीण मी, आणि साखरेच्या बाईला उपाशीपोटी सूर्याच्या मागे घेऊन निघाले होते!

मी आधी समजावलं, मग चिडले. "आई, केळं खा. वर कोणी तपासायला येत नाही." त्या म्हणाल्या, "तू तुयं खाय. मले चंद्र पाह्यल्याबिगर घास उतरत नाही." चिडून मी दोन केळी एकटीनेच खाल्ली. पुढच्या विमानात बसेपर्यंत आमचं बोलणं बंद होतं.

खाली नुसतं पाणी होतं आणि खिडकीत लख्ख ऊन. मधेच मी त्यांचा हात धरला तर तो गार, घामाने ओला. काही विचारलं की उत्तर उशिरा येत होतं. बोटं थरथरत होती. मी साखरेची पुडी फोडून मुठीत धरली. ऐकलं नाही तर जबरदस्तीने तोंडात घालायचं ठरवलं होतं. मग पाप लागलं तर लागो.

तेवढ्यात त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. घड्याळ अजून यवतमाळचंच होतं, बदला म्हणून मी सांगून थकले होते. "निंगला असन आता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"चंद्र. घरी. मी त्याहिले सांगून आली, गच्चीवर जाऊन तेवढा पाहून घेजा म्हनून. त्याहिनं पाह्यला म्हंजे मी पाह्यला."

त्यांनी समोरच्या सीटला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "काढ तुया दशम्या." मी आधी साखर दिली, मग दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या दशम्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. हळूहळू त्यांचे हात थांबले, चेहऱ्यावर रंग आला. हवाईसुंदरी ताट घेऊन आली तर म्हणाल्या, "ते बी ठेव म्हनाव." माझ्या जिवात जीव आला. त्या खाताना मी एकटक पाहत बसले होते, तर म्हणतात कशा, "काहून पाहतं अशी? नजर लावतं काय?"

बेटावर उतरलो तेव्हा तिथे दुपार होती. नणंद आईच्या गळ्यात पडली. घरी मध्यरात्र उलटली असेल, नवरा जागा असेल म्हणून घरचा फोन लावला. पहिल्याच रिंगला मामाजींनी उचलला.

"पोहोचलो मामाजी. चंद्र दिसला होता ना?"

"कायचा दिसते? सायंकाळपासून आभाळ हाये. तीनदा गच्चीवर गेलतो."

"मग तुम्ही झोपले काहून नाही?"

ते म्हणाले, "मले दिसला नाही म्हंजे ती तिकडं उपाशीच असन ना. मंग मी कसा जेवू? पोळ्या झाकून ठेवल्या हायेत. तू सांग, जेवली काय ती?"

"जेवल्या. पोटभर जेवल्या."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन न ठेवताच त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि मी तिथेच विमानतळावर उभ्या उभ्या रडले. मागून आई विचारत होत्या, दिसला म्हणतात काय. मी म्हटलं, दिसला.