सरनाईकांची जिंकलेली मॅच

शशिकांत सरनाईक हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की मी त्यांच्याबद्दल मायेने लिहिलं.

ते कोल्हापूरचे. लखनौला आमच्या संशोधन संस्थेत काचकाम करायचे. कंडेन्सर, वळणाच्या नळ्या, तीन तोंडांचे चंबू, जे मागाल ते ज्योतीवर फुंकून द्यायचे. हातात कसब होतं, त्यात वाद नाही. पण त्या कसबाचा त्यांना काडीचा अभिमान नव्हता. अभिमान होता तो वयाच्या विशीत कोल्हापुरात पेठेच्या संघातून लेफ्ट बॅक खेळल्याचा. मी पुण्याचा, डॉक्टरेट घेऊन आलेला, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने चार पायऱ्या वर. संस्थेत ते मला ‘साहेब’ म्हणत आणि महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत ‘विनयराव’. त्या ‘विनयराव’मध्ये एक सूक्ष्म टपली असायची. ज्याने कधी चेंडूला पाय लावला नाही तो कसला राव, अशी.

लखनौमध्ये फुटबॉलचं नाव काढलं तर लोक कीव करून बघत. जिथे तिथे क्रिकेट. त्यामुळे सरनाईक आपला हंगाम एकटेच जगायचे, तोही शिळा. कोल्हापूरचा एक मराठी पेपर त्यांनी टपालाने लावला होता. तो एरवी चौथ्या दिवशी यायचा आणि जानेवारीच्या कोहऱ्यात, म्हणजे तिथल्या दाट धुक्यात, गाड्या रखडल्या की सहाव्या-सातव्या दिवशी. तो हातात पडेपर्यंत मॅचचा निकाल त्यांना कुणी सांगायचा नाही, असा कडक नियम होता. टीव्हीवर खेळाच्या बातम्या लागल्या की उठून बंद करायचे. सकाळच्या हिंदी पेपरचं शेवटचं पान न बघताच पानवाल्याला देऊन टाकायचे.

‘‘निकाल आधी कळणं म्हणजे जेवणाआधी ढेकर,’’ ते म्हणायचे. ‘‘मॅच पहिल्या शिट्टीपासून वाचायची असते, विनयराव.’’

शहाण्णवच्या डिसेंबरात मात्र या वेडाला धार आली. देशभरातल्या क्लबांची नवी लीग सुरू झाली आणि मुंबईच्या ‘सह्याद्री’ क्लबात सरनाईकांचा सख्खा भाचा रणजित डाव्या बगलेवर खेळू लागला. पगारी खेळाडू म्हणून, दोन वर्षांच्या करारावर.

हा करार सरनाईकांनीच घडवला होता. मालिनी ही त्यांची धाकटी बहीण. नवरा शाळामास्तर होता, तो गेलेला. रणजित तिचा एकुलता एक. पोराला खेळाच्या जोरावर बँकेत कायम नोकरी लागली होती. क्लबाचा माणूस दारात आला तेव्हा मालिनीताईंनी साफ नाही म्हटलं. सरनाईक दिवाळीला गेले आणि पाच दिवस बहिणीशी भांडले. ‘‘बँक काय पळून जाते? पाय पळून जातात!’’ असं त्यांनी तिला सुनावल्याचं ते आम्हाला कौतुकाने सांगायचे. शेवटी पोराने राजीनामा दिला. मालिनीताई म्हणाल्या, ‘‘दादा, याचं काही वाईट झालं तर मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही.’’ हेही ते हसत हसतच सांगायचे.

पहिल्या दोन मॅच ‘सह्याद्री’ हरली. दुसरीचा निकाल माझ्या तोंडून निसटला. रेडिओवर ऐकला होता आणि संस्थेच्या फाटकात सहज बोलून गेलो, ‘‘तुमचे तर पुन्हा हरले की!’’ त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या ताटातला घास ओढून घेतला. पुढे संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात तीस माणसांसमोर, माझी बायको शुभदा तिळगूळ वाटत असताना, ते मोठ्याने म्हणाले, ‘‘केतकर साहेबांचं डोकं मोठं आहे हो, पण तोंडाला बूच नाही. बसवून देऊ का काचेचं?’’ सगळे हसले. शुभदाही हसली. मला ते झोंबलं, आणि झोंबलं म्हणून चारचौघांत काही बोलताही येईना.

त्यानंतरच्या रविवारी ‘सह्याद्री’ची तिसरी मॅच होती, कलकत्त्याच्या एका बलाढ्य संघाशी.

सोमवारी संध्याकाळी आमचा फोन वाजला. सरनाईकांकडे फोन नव्हता, त्यांचे निरोप आमच्याकडेच यायचे. मालिनीताई मुंबईहून, इस्पितळाजवळच्या बूथवरून बोलत होत्या. आवाज चिरका झाला होता. कालच्या मॅचमध्ये रणजितचा डावा गुडघा फिरला होता. आतलं काहीतरी तुटलं होतं. ‘‘गुरुवारी ऑपरेशन आहे, साहेब. मी एकटी आहे इथे. दादाला म्हणावं, असेल तसा निघून ये. भांडण-बिंडण काही मनात नाही म्हणावं.’’

मी लगेच निघालो. कोहरा असा की समोरची सायकल घंटी वाजेपर्यंत दिसत नव्हती. सरनाईक घरी एकटेच होते. त्यांच्या पत्नी लीलावहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. दार अर्धवट उघडलं, मला पाहिलं आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

‘‘काय बोलायचं नाय!’’

‘‘अहो, मालिनीताईंचा फोन होता.’’

‘‘असणारच. निकाल सांगायला. ती बी तुमच्यासारखीच!’’

‘‘सरनाईक, ऐका तर...’’

‘‘पेपर आल्यावर! तोपर्यंत तुमचं तोंड बघायचं नाय मला. तोंडावर सगळं लिहिलेलं असतंय तुमच्या.’’

आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी दार वाजवू शकलो असतो. ओरडू शकलो असतो, ‘रणजितचा पाय मोडला’ एवढेच तीन शब्द. मी तिथे मिनिटभर उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, बूच हवं होतं ना? घ्या बूच. आणि घरी आलो.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या काचखोलीच्या दाराशी गेलो. ज्योत घुमत होती. त्यांनी गाल फुगवलेलेच ठेवून मला हाताने ‘चालते व्हा’ अशी खूण केली. मी चालता झालो. बुधवारी दिल्लीहून तपासणीचे लोक आले, त्यात दिवस गेला. विसरलो असं म्हणणं सोपं आहे. पण विसरलो नव्हतो. गुरुवारी अकरा वाजता मी घड्याळाकडे पाहिलं आणि आता आत घेतलं असेल, असा विचारही केला. एका दिवसाचा उशीर झाला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं. तिसऱ्या दिवशी तर स्वतःच्याच चोरीची फिर्याद द्यायला जाण्यासारखं वाटायला लागतं.

शनिवारी दुपारी पेपर आला. मला ते गल्लीत सरनाईकांनी ठोकलेल्या आरोळीवरून कळलं. थोड्या वेळाने सरनाईक आमच्या दारात. हातात जवळच्या कपूरथळा चौकातल्या हलवायाकडची जिलबीची पुडी, काखेत पेपर, गळ्यात मफलर आणि चेहरा असा उजळलेला की पन्नाशीचा माणूस पंचविशीचा दिसावा.

‘‘वहिनी, तोंड गोड करा! एक-शून्य! कलकत्त्याला लोळवलं! आणि गोल कुणाचा?’’

शुभदाला फोनचं काहीच माहीत नव्हतं. मी तिलाही सांगितलं नव्हतं. ती ताटली घेऊन आली. सरनाईकांनी उभ्यानेच बातमी वाचायला घेतली. बारावं मिनिट. डावीकडून रणजित आत शिरला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, डाव्या पायाने खालच्या कोपऱ्यात. ते वाचताना त्यांचा स्वतःचा डावा पाय हलत होता. माणूस रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. शेवटची ओळ होती, ‘उत्तरार्धात रणजितला मैदान सोडावे लागले.’

‘‘दमला असणार,’’ सरनाईक म्हणाले. ‘‘नव्या पोराला नव्वद मिनिटं कोण खेळवतंय? मालूला लगेच कार्ड टाकून आलो. काय लिहिलं ऐका.’’ ते तोंडपाठ होतं. ‘‘माले, वाचलंस का? बाराव्या मिनिटाला गोल. दिवाळीत म्हणालीस, पोराचं वाटोळं करतोस. आता बोल. तुझं ऐकलं असतं तर बसला असता पासबुकं भरत. मी बरोबर होतो, हे एकदा तुझ्या हातानं लिहून पाठव. फ्रेम करून लावतो. तुझा दादा.’’

शुभदा हसली. माझ्या हातातली जिलबी तशीच राहिली. मी म्हणालो, ‘‘सरनाईक, रणजितचा गुडघा गेलाय. फोन आला होता.’’

त्यांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, ‘‘कुठला?’’

‘‘डावा.’’

‘‘डावा,’’ ते म्हणाले. आणि मग, माझी शपथ, ते म्हणाले, ‘‘मग पुढच्या मॅचला डावीकडं कोण खेळणार?’’

हा किस्सा मी पुढे अनेकांना सांगितला. मंडळात, संस्थेच्या कँटीनमध्ये, पुण्याला भावाकडे. भाच्याचा पाय मोडला आणि मामा विचारतो कोण खेळणार. लोक मान हलवून म्हणतात, कमाल आहे. त्यानंतर काय झालं ते मी कुणाला सांगत नाही.

ते मटकन खुर्चीत बसले. ‘‘फोन कधी आला?’’

शुभदा माझ्याकडे बघत होती. सोमवारी, हा शब्द माझ्या जिभेवर होता.

‘‘आज सकाळी,’’ मी म्हणालो. ‘‘ऑपरेशन झालं म्हणाल्या. गुरुवारी.’’

‘‘झालंसुद्धा?’’ त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. ‘‘म्हणजे आधी मला कळवलं नाय तिनं. एकटीनं उरकलं.’’ मग ते म्हणाले, ‘‘ये म्हणाली का?’’

‘‘तसं काही बोलल्या नाहीत.’’

त्यांनी मान हलवली. माणूस घाव खाऊन जशी हलवतो तशी. मग ताडकन उठले. ‘‘कार्ड!’’

आम्ही दोघे कपूरथळ्याच्या चौकातल्या टपालपेटीशी धावलो. पुढची डाक पाच वाजता निघणार होती. सव्वा तास ते त्या लाल पेटीला एक हात लावून थंडीत उभे राहिले, जणू पेटी चालायला लागेल. डाकिया आला, पेटी उघडली आणि कार्डं पोत्यात ओतली. सरनाईकांना आपलं कार्ड दिसलंही. त्यांनी हात घातला.

डाकियाने मनगट धरलं. ‘‘ना बाबूजी. डिब्बे में गिर गई तो सरकारी डाक हो गई.’’

‘‘भैया, मेरी ही चिट्ठी है. ये देखिए, मेरा नाम. बहन को लिखी है. ग़लत लिख दी.’’

‘‘अब आप तो पढ़े-लिखे आदमी हैं. लिखने से पहले सोच लेते. बड़े डाकखाने में अर्ज़ी दे दीजिए.’’

शनिवारची संध्याकाळ. मोठं पोस्ट बंद. सरनाईकांनी त्या माणसापुढे हात जोडले. संस्थेत वरिष्ठ शास्त्रज्ञांनाही ‘‘उद्या या’’ म्हणणारे हे सरनाईक. डाकिया कोहऱ्यात दिसेनासा झाला तरी त्यांचे हात तसेच जोडलेले होते.

‘‘ती समजून घेईल,’’ ते मला म्हणाले. ‘‘तारीख टाकलीय मी कार्डावर. फोन तर आज आला. मला ठाऊक नव्हतं, हे तिला कळेल की नाय?’’

मी म्हणालो, ‘‘कळेल.’’

सोमवारी पहाटे त्यांनी दुसरं कार्ड लिहून टाकलं, क्षमा मागणारं. मग तिसरं. उत्तर आलं नाही. मुंबईला जाऊ का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा स्वतःच म्हणाले, ‘‘पण बोलावलं नाय ना तिनं.’’

फेब्रुवारीत एका दुपारी मालिनीताईंचा फोन आला, कोल्हापूरहून, शेजाऱ्यांच्या घरातून. मायलेक परत आले होते. रणजित काठी घेऊन चालत होता. खेळणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्लबाने करार मोडल्याचं पत्र पाठवलं होतं. हे सगळं त्यांनी यादी वाचावी तसं सांगितलं.

‘‘दादाची कार्डं मिळाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिलं रणजितनं वाचलं, माझ्या आधी. नंतरच्यात लिहितो, मला ठाऊकच नव्हतं. शनिवारी कळलं म्हणतो. म्हणून तुम्हाला विचारते, साहेब. तुम्ही शिकलेले, तुम्ही खोटं बोलणार नाही. सोमवारचा माझा निरोप तुम्ही दादाला कधी दिलात?’’

स्वयंपाकघरात शुभदा भांडी लावत होती. बाहेर सब्जीवाला ओरडत होता. तिकडे ती बाई थांबली होती, आणि तिला काय ऐकायचं आहे हे मला स्वच्छ कळत होतं. भाऊ निर्दोष आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं.

‘‘सोमवारीच दिला,’’ मी म्हणालो. ‘‘त्याच संध्याकाळी. घरी जाऊन.’’

‘‘बरं,’’ एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी नेहमीसारखे सरनाईक पायरीशी आले. आत यायचे नाहीत हल्ली. मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

‘‘मालूचा काही फोन?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.