व्हर्लिनने सील केलेला पंप

व्हर्लिन स्टकीने एकदा बंद केलेला पंप त्या भागात कोणी उघडत नसे. रीतच पडून गेली होती. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त झाला की तो मागच्या झाकणाच्या बोल्टांतून बारीक तार ओवायचा, तिला शिशाचा मणी लावायचा आणि पक्कडीने दाबायचा. मणी दाबला की विषय संपला. मग इंजिन धूर ओको नाही तर अडखळो, लोक बाकीचं सगळं उचकटून बघत, तारेला हात लावत नसत. कोणी लावलाच, तर चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसताना माणसं जरा विचार करत.

माणूस हाताचा सढळ आणि तोंडाचा चिक्कू. बायको, ओपल, सांगायची, "लग्नाला होकारसुद्धा यानं मान हलवून दिला. पाद्रीबुवांना दोनदा विचारावं लागलं."

रॉस त्यांचा एकुलता एक. हात बापाचे, तोंड आईचं. विशी उलटली तेव्हा त्याने एक जुना डिझेल पिकअप ट्रक आणला, वरून गंजलेला, आतून धडधाकट, आणि ऑगस्टातल्या जत्रेत उतरायचं ठरवलं. तिथे लोखंडी घसरगाडी ओढायची शर्यत असते. ट्रक पुढे जाईल तसं गाडीवरचं वजन पुढे सरकत येतं आणि चाकं मातीत रुतायला लागतात. त्या वेळी इंजिनाला दम हवा आणि फेरेही हवेत, म्हणजे वेग. जुन्या डिझेलला दम बैलासारखा, पण धाव बेताची, कारण त्याच्या पंपात गव्हर्नर असतो. तो इंजिनाचा लगाम. फेरे मर्यादेबाहेर गेले की त्याच्या स्प्रिंगा दबतात आणि डिझेल तुटतं. स्प्रिंगा कडक घातल्या की लगाम सैल होतो. पण नुसता लगाम सैल करून भागत नाही. वरच्या हेडमधले व्हॉल्व्ह त्या वेगाला वेळेवर मिटले नाहीत, तर पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि इंजिनाचं भंगार होतं.

"बाबा, हेडचं सगळं मी करतो," रॉस म्हणाला. "पंप मात्र तुमचा. तुमच्या पंपाला मी हात लावला तर मला गावात कोणी पाणी विचारणार नाही."

"हं," व्हर्लिन म्हणाला.

"लगाम पूर्ण सोडा. मग शिट्टीसारखा ओरडेल बघा. तुम्हीच टोपी उडवाल."

 व्हर्लिनला एक धाकटा भाऊ होता, डेल. दोघं तरणे असताना डेलने असाच एक ट्रॅक्टर जत्रेत नेला, फेरे वाढवून. वाढत्या फेऱ्यांत क्लच फुटला आणि त्याचे तुकडे बसायची जागा फोडून वर आले. व्हर्लिन प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभा होता. तेव्हापासून कुठलंही इंजिन चढत्या आवाजात ओरडलं की तो हातातलं काम ठेवून दाराबाहेर जायचा. का, ते कधी कोणाला सांगितलं नाही. घरात डेलचा फोटो होता, नाव नव्हतं.

तर असा माणूस पंप उघडून बसला. रॉसने आणलेल्या कडक स्प्रिंगा त्याने बोटांत फिरवून पाहिल्या, कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या, आणि जुन्याच पुन्हा बसवल्या. तार ओवली. मणी दाबला.

त्या ऑगस्टात रॉसचा ट्रक अर्ध्या वाटेत झोपला.

"फेऱ्यांचा काटा वर जातच नाही," तो घरी येऊन म्हणाला. "पंप?"

"पंप बरोबर आहे," व्हर्लिन म्हणाला. "तुझे व्हॉल्व्ह बघ."

पोरानं हेड उतरवलं. व्हॉल्व्ह घासले, त्यांच्या स्प्रिंगा बदलल्या, मापं पुन्हा पुन्हा घेतली. पुढच्या वर्षी ट्रक तिथेच झोपला, त्याच्या पुढच्याही वर्षी तिथेच. भोंग्यावरून बोलणारा म्हणायला लागला, "मंडळी, लेमोनेड आणायला जायचं असेल तर आता जा, रॉस स्टकी येतोय." लोक हसले. रॉसही हसला. घरी येऊन त्याने हत्यारं पुसून पेटीत ठेवली, ट्रक शेजारच्या हर्शलला विकला आणि खुर्च्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. "माझ्या हातालाच यश नाही, आई," म्हणाला. पुढे लग्न झालं, मुलं झाली. स्वतःच्या मोटारीचं तेल बदलायलाही तो दुसऱ्याकडे जायचा. बॉनेट म्हणून त्याने पुन्हा उघडलं नाही.

व्हर्लिन हे सगळं बघत होता. पोरगा जिवंत आहे, दर रविवारी समोर बसून जेवतो आहे, यात त्याने समाधान मानलं. मानलं म्हणजे काय, मानायचा प्रयत्न केला. मग कान गेले. जन्मभर इंजिनांच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? आधी चिमण्या गेल्या, मग टेलिफोन, शेवटी माणसं.

एका उन्हाळ्यात हर्शल तो जुना ट्रक घेऊन आला. पंपातून डिझेल ठिबकत होतं. "तुझ्या पोराचा ट्रक," तो व्हर्लिनच्या कानाशी ओरडला, "जत्रा सोडली तर सगळीकडे चालतो."

व्हर्लिनने आपलीच तार आपल्याच हाताने कापली. आत त्या जुन्या स्प्रिंगा बसलेल्या होत्या. ओपल जेवायला बोलवायला आली तेव्हा तो कॉफीचा डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"ते काय?"

त्याने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण सांगितलं.

ओपल दारातल्या स्टुलावर टेकली. "म्हणजे पोरगं वर्षानुवर्षं स्वतःला नालायक म्हणत जेवायला बसायचं," ती त्याला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "आणि तू समोर बसून माझ्या हातचा ॲपल पाय खायचास. दुसऱ्यांदा मागून."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"सांग त्याला."

"सांगता नाही यायचं मला," व्हर्लिन म्हणाला. "ऐकवतो."

त्याने कडक स्प्रिंगा बसवल्या. हर्शलला जत्रेत उतरायला राजी केलं, क्लचभोवती जाड लोखंडी कवच घालून घेतलं. आता तसा नियमच होता. डेलच्या वेळी नव्हता. हेडला मात्र त्याने हात लावू दिला नाही. ते रॉसने शेवटचं बसवलं होतं तसंच राहायला हवं होतं. ते टिकलं, तर पोराच्या हाताला यश होतं हे पोराला कळणार होतं. नाही टिकलं, तर डेलसारखा त्या खुर्चीत हर्शल बसलेला असणार होता.

ओपलने रॉसला फोन केला. "बाबांनी जत्रेला बोलावलंय."

"बाबांनी? तोंडानं?"

जत्रेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. रॉस बायकामुलांना घेऊन वरच्या बाकांवर बसला. व्हर्लिन खाली कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. ट्रक सुटला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, नुसता धूर दिसत होता, काळा, सरळ वर चढणारा. कठड्याचं लोखंड बोटांत गुणगुणायला लागलं. मग ती गुणगुण बारीक झाली, दाताला सळक लागावी तशी. ट्रक दर वर्षीच्या जागेपाशी आला आणि थांबला नाही. व्हर्लिनने डोळे मिटले. उघडले तेव्हा दूर टोकाला झेंडा हलत होता आणि हर्शल खिडकीतून धडधाकट हात बाहेर काढून टोपी फिरवत होता.

त्याने शेजारी उभ्या ओपलकडे पाहिलं. तिने कान झाकले होते आणि डोळे वाहत होते.

"शिट्टी का?" त्याने विचारलं.

"शिट्टी," ती म्हणाली.

सगळे उठून ओरडत होते. रॉस बसलेलाच होता, मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत. मग तो खाली आला.

"हेड कोणी केलं?" त्याने आईला विचारलं.

"कोणी नाही. तुझंच आहे."

व्हर्लिनने पायाशी ठेवलेला कॉफीचा डबा उचलून पुढे धरला. आता त्यात जुन्या स्प्रिंगा होत्या. रॉसने एक उचलली, अंगठ्याखाली दाबली. ती मुकाट दबली. असल्या कामातलं त्याला अजून सगळं कळत होतं. खाली मान घालून तो काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" व्हर्लिनने विचारलं.

ओपल रॉसकडे बघत राहिली.

"ओपल, काय म्हणाला?"

तिला त्याच्या कानाशी ओरडावं लागलं, आणि आसपासच्या माणसांनी वळून पाहिलं. "म्हणतोय, भीती वाटते एवढं बोलला असतात, तर मी त्याच दिवशी नाद सोडला असता."

व्हर्लिनने मान हलवली. मग तो बोलायला लागला. "डेल खुर्चीत बसला होता. मी दोरीपाशी," असं काहीतरी. तेवढ्यात पुढचा ट्रक सुटला आणि त्या आवाजात त्याचा आवाज बुडाला. त्याला स्वतःला ते कळलं नाही. तो बोलतच राहिला, एवढं तो आयुष्यात बोलला नव्हता. रॉस त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत उभा राहिला. संपलं तेव्हा त्याने बापाला दंडाला धरून बाकावर बसवलं, मुलांना घरी न्यायला हवं म्हणाला आणि गेला. डबा त्याने नेला नाही.

त्या रविवारी रॉस जेवायला आला नाही. त्यानंतर यायला लागला. मका, पाऊस, मुलांची शाळा, बाकी सगळं बोलायचा. ओपल ॲपल पायचा तुकडा आधी त्याच्या ताटात वाढायची.

व्हर्लिनने शिशाच्या मण्यांचा डबा फेकून दिला. शरदात हर्शल ट्रॅक्टरचा पंप न्यायला आला, तेव्हा त्याने बोटाने मागचं झाकण दाखवलं.

"मणी राहिला की रे."

"राहिला नाही," व्हर्लिन म्हणाला. "उघड. आत काय घातलंय ते बघ, मग ने."

"तुझ्या पंपात काय बघायचं?" हर्शल हसून म्हणाला, आणि न बघताच पंप उचलून घेऊन गेला.